साक्षीदाराला काही मिळू नये

मी, पुष्पाबाई केवलराम पटले, राहणार दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, वय एकोणऐंशी (आधार कार्डावर चौऱ्याहत्तर), पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला न जुमानता हे मृत्युपत्र सांगत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. मला अक्षर येत नाही. खुशालची मुलगी दुर्गेश्वरी लिहून घेत आहे. वाचून दाखवल्यावर अंगठा देईन.

१. राहतं घर आणि धानाच्या सगळ्या बांध्या, म्हणजे शेत, मुलगा खुशाल याला. त्याला एक अट आहे, ती पुढे येईल. तोवर तलाठ्याकडे पळू नये.

२. बँकेत जे असेल ते आणि पितळेचा गुंड मुलगी संध्या, राहणार फुलचूर, हिला. गुंड तिने लग्नातच मागितला होता. तेव्हा पाणी भरायचं होतं म्हणून दिला नाही. आता नळ आला आहे.

माझा विळा शेजारच्या धुरपताबाईला द्यायचा होता. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार घेऊ नका, उद्या त्याच्या सहीवर लोक शंका घेतात. धुरपताबाई गेल्या वर्षीच सही शिकली. ती म्हणाली, "विळा राहू दे वं बाई, मले सहीच करू दे." म्हणून विळाही संध्याला. तिने तो कापायला वापरावा, भिंतीला टांगू नये.

३. याच कारणाने खुशालचे मित्र लीलाधर कटरे यांना साक्षीदार घेतलेलं नाही. ते खिशाला पेन लावून सकाळपासून ओसरीत बसले आहेत. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांना मी काही देत आहे.

लीलाधर आणि खुशाल दोघंही पुस्तकं लिहितात. एकाचं पुस्तक आलं की दुसरा साप्ताहिकात त्याचं परीक्षण लिहितो. चौदा वर्षांत दोघांपैकी कोणाचंच वाईट पुस्तक आलेलं नाही. खुशाल म्हणतो, "माय, रोवणीले बाया एकमेकींच्या बांधीत जातेत, तसंच हे." मी चाळीस वर्षं रोवणीला गेले. लीलाधरची बायको फुलवंता वाकडं रोवायची, तेव्हा मी तिच्यादेखत रोप उपटून पुन्हा लावायची. दुसऱ्या दिवशी तिच्याच बांधीत जायची.

४. लोखंडी पेटीत लुगड्यांखाली खुशालचा दुसरा कवितासंग्रह आहे. तो लीलाधरला द्यावा. वरचं कव्हर खुशालच्या कवितांचं, पहिल्या पानावर 'प्रिय मित्र लीलाधरास' आणि खुशालची सही. आत मात्र छापखान्याने चुकून समाजाची वर-वधू परिचय पुस्तिका शिवली आहे. लीलाधरने त्याच प्रतीवर परीक्षण लिहिलं: 'या संग्रहाचे पान न् पान माणसांनी गजबजलेले आहे.'

ते छापून आल्यावर आठ दिवसांनी फुलवंता ती प्रत घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मामी, खुशालभाऊच्या कवितेत पोरं चांगली हायेत. हा आमगावचा कसा वाटते?" तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न त्याच पुस्तकातून जमलं आणि प्रत माझ्याकडेच राहिली. खुशालच्या साहित्याने कोणाचं भलं झालं, तर ते एवढंच.

५. ही गोष्ट मी अकरा वर्षं कोणाला सांगितली नाही. फुलवंता येऊन गेल्यावर खुशालने परीक्षणाचं कात्रण मला वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "चांगलं लिहिलं लीलाधरनं." अक्षर न येता मीही एक परीक्षण लिहिलं, असं समजावं.

६. आता अट. दुर्गेश्वरीचं पहिलं कथांचं पुस्तक छापखान्यात आहे. लीलाधरचं परीक्षण तयार आहे. पुस्तकाला अजून शिलाई नाही, आणि ते 'मैलाचा दगड' झालेलं आहे. लीलाधरने ते परीक्षण मागे घ्यावं. खुशालने मध्ये पडू नये. पुस्तक अशा माणसाला द्यावं, ज्याने आमच्या घरचा चहा प्यालेला नाही. तो वाईट म्हणाला तर कोणी त्याच्याशी भांडू नये. भांडल्यास बांध्या संध्याच्या.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. हे कलम आजपासून लागू समजावं. खुशाल दाराआड उभा राहून ऐकून राहिलाच आहे.

७. दुर्गेश्वरीला मी घर, बांधी, पैसा, काहीही देत नाही. पुस्तकाची प्रत तिने मला फुकट दिली तरी मला वाचता येणार नाही. तिचं-माझं कोणतंही देणंघेणं नाही, म्हणून माझी साक्ष धरावी.

तिने पुस्तकातल्या सहाही गोष्टी मला वाचून दाखवल्या. दुसरी मी तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी शेवट माहीत होता, तरी चुलीवरचा भात करपला. पाचवी लांब आहे. चौथी माझ्यावर आहे आणि ती खोटी आहे. त्यातली म्हातारी शेवटी सगळ्यांना माफ करते. मी कोणाला माफ केलेलं नाही, वरची कलमं पाहावी. ती गोष्ट काढ, नाहीतर नीट कर.

इथे दुर्गेश्वरी थांबली. "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही."

"कायले नाही बसत? बसव."

डाव्या हाताचा अंगठा: पुष्पाबाई केवलराम पटले

साक्षीदार, यांना काहीही मिळालेलं नाही:
१. धुरपताबाई रहांगडाले (स्वतःच्या हाताची सही)
२. छोटेलाल बिसेन

लिहिणार: दुर्गेश्वरी खुशाल पटले. सांगितलं तसं लिहिलं. कलम ७ मधली 'ती गोष्ट काढ, नाहीतर नीट कर' ही ओळ मी दोनदा गाळली होती. वाचून दाखवताना आजीने दोन्ही वेळा पकडली. चौथी गोष्ट छापखान्यातून परत मागवली आहे.

दवनीवाडा, २ डिसेंबर २०२४