अधांतरी दांडा

लातूर, १८ सप्टेंबर २०२५

चि. तनुजास आप्पाचे आशीर्वाद.

दाल मिलच्या खडखडाटानं माझे कान गेले, फोनवर काय कळत न्हाई, म्हणून लिहून राहिलो. तू म्हणतेस, चुंबकाच्या बेअरिंगमध्ये दांडा कशालाच न टेकता फिरतो, ग्रीस बी लागत न्हाई. अगं, माझा जन्म गेला बेअरिंग बदलण्यात! खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा हाय. त्या दिवशी फिरवून दाखव, मग खुशाल बेंगळुरूला पुढं शिक. न्हाई फिरला तर उदगीरच्या स्थळाला हो म्हणतो. आई म्हणते पोरगं गुणी हाय. म्हंजे जेवतं लई.

लोभ हाय, शर्तीसकट.
रेवणप्पा

नांदेड, २३ सप्टेंबर

ती. आप्पांना तनुजाचा शि. सा. नमस्कार.

शर्त कबूल. परीक्षेमुळं मी येत नाही, मॉडेलचं खोकं एसटीनं पाठवलंय. नुसत्या कायमच्या चुंबकांवर दांडा उचलला जातो, पण बाजूला सटकतो, काम दिसल्यावर संगप्पाकाका सटकतो तसा. म्हणून मी विजेचे चुंबक घेतले. शेजारचा प्रकाशाचा बारीक डोळा दांडा बघत असतो. दांडा खाली आला की चुंबक जोर लावतो, वर गेला की ढील देतो. हे दोन प्रकार झाले; तिसऱ्यात वजन कायमचा चुंबक पेलतो, विजेचा फक्त सावरतो. चौथ्या, अतिवाहकाच्या प्रकाराला भयंकर थंडी लागते, ते लातुरात जमायचं नाही! लाईट गेलीच तर दांडा आदळू नये म्हणून खाली तुमचं साधं बेअरिंगही ठेवलंय.

फक्त बटण दाबा. आप्पा, मला खरंच शिकायचंय हो.

माया असू द्या.
तनुजा

लातूर, २ ऑक्टोबर

चि. तनुजास आशीर्वाद.

हरलीस गं माय. आईनं मिलच्या मोटरीआधी तुझ्या खोक्याला मन लावून कुंकू लावलं, हार घातला. मी बटण दाबलं. दांडा वर जाऊन जो चिकटला तो हलंचना. सारे गडी हसले. मला मात्र हसू आलं न्हाई. उदगीरवाले रविवारी येऊन राहिले. आईनं मोबाईलवर फोटो पाठवलाय, बघ. हे पत्र एसटीनंच धाडतो.

जिवाला लावून घेऊ नको.
रेवणप्पा

नांदेड, ३ ऑक्टोबर

ती. आप्पांना नमस्कार.

फोटो बघितला. अगं आई गं! कुंकू नेमकं त्या डोळ्यातच भरलंय. त्याला दांडा दिसेना. खाली पडला समजून तो चुंबकाला नुसतं ओढायला लावून राहिलाय. कोरड्या फडक्यानं पुसा आणि पुन्हा बटण दाबा. आईचा फोन लागेना, म्हणून हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरच्या हातीच देतेय. रविवारच्या आत पुसा हो, पाया पडते.

तुमचीच,
तनुजा

लातूर, ६ ऑक्टोबर

चि. तनुजास लई लई आशीर्वाद.

पत्र हाती पडलं तवा उदगीरवाले पोहे खाऊन राहिले होते. त्यांच्यासमोरच पुसलं, बटण दाबलं. दांडा सुटला, मधोमध थांबला अन् फिरायला लागला! मी खालून कागद सरकवला, वरून सरकवला, कुठंच अडंना. नवरदेव पोहे विसरला.

मी पाहुण्यांना सांगितलं, पोरगी बेंगळुरूला चालली, आता लग्न न्हाई. मुलाचा बाप चिडला, म्हणाला, एवढी शिकली तर हातची जाईल. मी म्हणालो, जाऊ द्या की, धरून ठेवली तर फिरंल कशी?

अर्ज भर. आई रडून राहिली, मी बी.

तुझा हरलेला बाप,
रेवणप्पा