साईसाठी घातलेली धिरडी

कोथरूड, पुणे

सौ. कुसुम,

पुण्याहून अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आई आता उशीला टेकून बसते का?

फोनवर बोललेलं साईला आत ऐकू जातं, म्हणून लिहितो. नोकरी गेल्यापासून आपला पोरगा खोलीबाहेर येत नाही. त्यात साखर वाढलेली. डॉक्टरांनी पांढरा भात बंद केलाय.

म्हणून काल ब्राऊन राइस भिजवून वाटला आणि जन्मात पहिल्यांदा धिरडी घातली. पहिलं तव्याला चिकटलं, दुसरं उलटताना फाटलं. तू पिठात आणखी काय घालतेस गं? तिसरं अख्खं निघालं, ते चटणीसोबत त्याच्यापुढे नेलं.

त्यानं एक घास खाल्ला. म्हणाला, "छान झालंय, बाबा. पण तुम्ही आता गावी जा. माझ्यासाठी तुम्ही असं राबताय, ते बघवत नाही."

"मग तूही चल," म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून निजला.

ताट हातात घेऊन मी दाराशी नुसता उभा राहिलो. त्याला भरवावं तर तो लहान नाही, रागवावं तर माझी छाती होत नाही.

अंथरुणावरच्या आईला सोडून तुला निघता येणार नाही, हे कळतं मला. तरी विचारतो, येतेस का?

तुझा,
हिंमतराव