ब्राह्मणपुरीची ओतशाळा

आबा,

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज सकाळी अचानक आपल्या ओतशाळेचा वास आठवला. ओल्या वाळूचा, दगडी कोळशाचा. तुम्ही ब्राह्मणपुरीत भट्टी घातली तेव्हा ऊस गाळायला लोक लाकडी चरकच वापरत. तुम्ही लोखंडी चरक ओतायला लागलात आणि तापीच्या दोन्ही काठांवरून बैलगाड्या आपल्या दारात येऊ लागल्या. गिऱ्हाइकाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा तुमचा हट्ट; आई चुलीपुढून उठतच नसे. साच्यांची वाळू मी चाळायची. जाडीभरडी राहिली की तुम्ही चाळण माझ्या हातातून घेऊन पुन्हा पहिल्यापासून चाळायचात. रागावण्याची तुमची तीच तऱ्हा.

मग तिकडे युरोपात लढाई सुरू झाली आणि मुंबईहून येणारं लोखंड बंद झालं. कारागीर एकेक करून रेल्वेच्या कामावर गेले. भट्टी विझवा, असं आई सारखी म्हणायची. तुम्ही मोडके नांगर, गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा, मिळेल ते भंगार वितळवून चरक ओतलेत, आणि त्यातला एक तुमच्या बालमित्राला दिलात.

ऐन गुऱ्हाळात तो फुटला. तुमचा मित्र तुकडा फडक्यात बांधून घेऊन आलाय. मी ओट्यावर उभी आहे. तो ओरडत नाही.

"भाऊ, मन्हा ऊस वावरमा वाळी गया. तुन्हा शब्दवर मी दुसरीकडे गऊ नई."

तुकड्याच्या आत सगळी भोकं आहेत. तुम्ही त्यावरून बोट फिरवता.

"लोखंड खराब व्हतं," तुम्ही म्हणता. "माले मालूम व्हतं."

त्याने तुकडा तुमच्या पायाशी ठेवला. मग फडकं झटकून निघून गेला. पुढे तुमच्या तिरडीलाही तो आला नाही.

दुसऱ्या सकाळी तुम्ही घण उचललात. आई आडवी आली, तिला म्हणालात, "सरक." भट्टी पाडली आणि त्या ढिगाशेजारी बसलात ते बसलातच. ताट तसंच परत जायचं. उन्हाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. त्या विटांचा आईने गोठा बांधला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. यंदा आमच्या मळ्यात इंजिनवरचा चरक आलाय, दूरच्या कुठल्याशा कारखान्यातला. तो तुमच्या चरकांपेक्षा चांगला आहे, आबा. तुमच्या चांगल्या दिवसांतल्या चरकांपेक्षाही.