सांद नव्हे, सांदवाडी

भाऊ, तुमच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून आज सुनेला समोर पाटावर बसवून हे सांगते आहे. मी बोलते, ती लिहिते. मी "मले" म्हटलं की ती "मला" लिहिते; कोणाच्या तोंडचं बोलणं तेवढं तसंच ठेवते. काऊन म्हणून विचारलं तर म्हणते, कागदावर असंच असतं आत्या. म्हणजे तीही तुमच्याच बिरादरीची. तुम्ही गडचिरोलीच्या तहसील कचेरीसमोर चिंचेखाली पत्र्याची पेटी मांडून बसायचात, लोकांचे अर्ज आणि विक्रीपत्रं लिहायचात. अर्जनवीस म्हणायचे तुम्हाला. माझ्या घराचा कागद तुम्ही लिहिलात, आणि एवढ्याशा कागदासाठी मला इतकं पिदडलंत की तेवढ्या वेळात मी ते घर मातीपासून बांधून काढलं असतं.

लोकांना वाटतं, मी फार अक्कल लावून तुम्हाला निवडलं. कसली अक्कल! कचेरीच्या बाजूला काळ्या कोटाचे वकील होते. त्यांच्याकडे खुर्ची होती, काचेची कपाटं होती. मी आधी तिथेच गेले. ते वर न बघता म्हणाले, "ठेवून जा, होऊन जाईल." आणि त्यांचा माणूस म्हणाला, "टोपली खाली उतरव, ओट्यावर मासोळीचा वास नको." मी दर बाजाराला झिंगे आणि मासोळ्या विकायला यायची, टोपली कुठे टाकणार? तेव्हा तुम्ही चिंचेखालून म्हणालात, "इथे ठेवा बाई. मात्र इथे एक मांजर आहे, ते तुमचं तुम्ही सांभाळा." बस, झाली निवड. पुढे चार हेलपाटे घातले तेव्हा वाटलं, वकिलाच्या ओट्यावरचा अपमानच स्वस्त होता.

गावावरची मालगुजाराची सत्ता नुकतीच गेली होती. गावात जो तो म्हणे, कागद कशाले, चार पंचांसमोर बोलून टाका. पण घरचे, म्हणजे सुनेचे सासरे, आलापल्लीकडे सागवानाच्या कटाईला गेले होते आणि जाताना मला बजावून गेले होते, "मी नाई तर तुह्या नावानं घे, पण पक्कं घे. पाऊस लागाच्या आत आपल्या घरात चूल पेटली पाहिजे." आम्ही दिराच्या पडवीत राहत होतो. जाळी वाळवायला जागा नव्हती, दोन पावसाळे जाळी कुजली होती. तळ्याच्या पाळीला लागून एक घर निघालं. मालक आपल्या मुलाकडे बल्लारशाला राहायला चालला होता. घर काही मोठं नव्हतं. मला घराशी देणंघेणंच नव्हतं म्हणा. माझा जीव अडकला होता तो मागच्या सांदवाडीत. चार वेल, दोन जाळी पसरतील एवढं अंगण, आणि तिथूनच तळ्यात उतरायची वाट.

पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "त्या घरात आणखी कोण राहतं?" मी म्हटलं, "मालकाची रांडावलेली बहीण. मागच्या खोलीत पडून राह्यते." तुम्ही टाक खाली ठेवलात. "मग तिचीही संमती लागेल." माझं डोकं फिरलं. "भाऊ, घर भावाचं, विकते भाऊ, घेतो आमी. तिचा काय संबंध जी?" तुम्ही म्हणालात, "ती राहते, हाच संबंध." पुढच्या बाजाराला त्या बाईला बंडीत घालून आणलं. शाईत आंगठा बुडवताना ती हसत सुटली. "माह्या आंगठ्याले आजवर कोनी कायी विचारलं नाई वो," म्हणाली. मी तोंड फिरवून बसले होते. मला वाटत होतं, या बाईची हौस फिटली आणि माझा बाजार बुडाला.

मग चतुःसीमा. पटवाऱ्याचा कागद तुमच्या पेटीत होता, तरी मलाच विचारता! "पूर्वेस कोण?" मी म्हटलं, "सूर्य." बाजूच्या स्टांपवाल्याला ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "घरी जा, चारी बाजूंनी पायांनी चाला, आणि कोणाची भिंत कुठे लागते ते बघून या." गेले. चालले. बघून आले. तिकडे आभाळ भरून येऊ लागलं होतं, आणि इकडे तुमचा टाक दौतीत अशा सावकाशीनं उतरत होता, जशी नवी नवरी उंबरठा ओलांडते.

आणि तो वाचनाचा दिवस. ती गोष्ट गावभर मी अशी सांगते: तुम्ही स्टांपावर सगळं सुंदर लिहून काढलं होतं, आणि वाचत होतात, "सदर घर, त्यामागील सांद..." तर मी ताडकन म्हणाले, "थांबा भाऊ! सांद नोको, सांदवाडी!" तुम्ही म्हणालात, "एकच ना?" तुम्ही मुळात पुण्याकडचे, तुमच्याकडे सांद म्हणजे दोन भिंतींमधली फट. मी म्हटलं, "सांदीतून मांजर जाते जी. सांदवाडीत माही जाळी वाळतेत. तुमी मले मांजराची वाट विकून राह्यले काय?" स्टांपवाला पोट धरून हसला आणि अर्जनवीस खजील झाला. असं मी सांगते. लोक टाळ्या देतात. सूनही लग्न होऊन आल्यापासून हेच ऐकते आहे.

पण तुम्हाला ते तसं सांगता येत नाही ना. तुम्ही तिथे होतात.

पहिल्यांदा वाचलंत तेव्हा मी मांजराकडे बघत होते. ते टोपलीपर्यंत पोचलं होतं. मी म्हटलं, "हो जी." दुसऱ्यांदा वाचलंत तेव्हा मी आभाळाकडे बघत होते, तेव्हाही म्हटलं, "हो जी, बराबर हाये, आना ती शाई." मी आंगठा पुढे केला होता, भाऊ. तुम्ही दौत मागे ओढलीत. म्हणालात, "आता मी वाचत नाही. तुम्ही सांगा, तुम्ही काय विकत घेताय?" मी चिडून एका दमात म्हटलं, "घर, सांदवाडी, आन् तळ्यात उतराची वाट. दुसरं काय घेनार, तुमची चिंच?" तुम्ही कागदाकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग हळूच विचारलंत, "सांदवाडी म्हणजे काय, बाई?"

मी सांगितलं. मांजराचं बोलणंही खरंच बोलले, पण चूक पकडली ती मी नव्हे, तुम्ही. तुम्ही तो कागद आडवा फाडलात. मी किंचाळले, "एक शब्द तं खोडा ना!" तर म्हणालात, "खाडाखोडीचा कागद पुढे लंगडतो. सोमवारी या." सोमवारी! रविवारी पाऊस लागला. सोमवारी ओल्या लुगड्यानं येऊन मी आंगठा दिला. नव्या कागदात सांदवाडी होती, आणि मी न सांगता तुम्ही पुढे घातलं होतं, तळ्याच्या पाळीपर्यंत जाण्यायेण्याच्या वाटेसह. घरचे परत आले तेव्हा चूल पेटलेली होती, पण पाऊस तिच्या आधी आला होता. ते तेवढंच बोलले, "उशीर केला." तुमच्या वाटणीची ती बोलणी मी खाल्ली.

तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात घरमालकाच्या त्या बहिणीचा मुलगा, तेव्हा लहान होता, आता पांढऱ्या मिशांचा, खुंटे आणि तार घेऊन आला. म्हणे, "मागची जागा माह्या मायची होती, मामानं फक्त घर विकलं." तहसिलीत नव्या साहेबांनी तुमचा कागद वाचला. सांदवाडी वाचली, वाट वाचली. मग विचारलं, "हा दुसरा आंगठा कोणाचा?" त्या माणसानं कागद हातात घेतला. आईचा आंगठा बघितला. मग येऊन त्यानं खुंटे उपटले. मी त्याला झिंगे बांधून दिले.

हा कागद विक्रीपत्र ठेवलेल्या डब्यात राहील, त्याच्याच खाली. तुम्हाला पाठवायचा तर पत्ता कोणता घालू? चिंचही राहिली नाही. सुनेनं आत्ताच सगळं वाचून दाखवलं, मी "हो" म्हणाले. खरं सांगू, भाऊ? मधात सांदवाडीत कोणाचं तरी मांजर शिरलं, आणि माझं लक्ष गेलं. तिला म्हटलं, पुन्हा वाच.