परगावी असलेल्यांच्या यादीतलं नाव

रांझी, जबलपूर
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

प्रभूमध्ये सलाम. मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, कळलं. थेंब वेळेवर घाल, नागपूरच्या धुळीत हिंडू नको. डॉक्टरांनी वाचायला मना केलं आहे, तेव्हा हे पत्र कुमुदवहिनीच वाचून दाखवतील. ते बरंच आहे.

इकडे सगळं ठीक. तू नाहीस म्हणून चर्चच्या दारावर मीच उभी राहून राहिले. आलेल्याला गीतांचं पुस्तक द्यायचं, जागा दाखवायची. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, आजोबांच्या काळापासूनचं. किती तऱ्हेची माणसं येतात आता! मंडल्याकडचे गोंड, फॅक्टरीतले तमिळ, बँकेत बदलून आलेलं ते साताऱ्याचं जोडपं. तू सगळ्यांना चहा पाजतोस आणि म्हणतोस, देवाच्या घराला कुलूप नाही. तुझं हे मला फार आवडतं. म्हणूनच लिहिते.

मागच्या रविवारी निळी साडी नेसलेली एक जण दारात आली. ओळखलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? पायरी चढतानाच ओळखलं. पुस्तक हातात दिलं आणि माझं बोट आपोआप डावीकडे गेलं. पुरुषांकडे.

ती त्या बाकांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, तिकडूनच तर उठून गेले होते मी." पुस्तक परत माझ्या हातात ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली.

हो दादा, आपलीच. तुझा अजिंक्य. सहा वर्षं झाली, तिचं नाव मेघना आहे. वहिनी, थांबू नका, पुढे वाचा.

खरी लाजेची गोष्ट तर नंतर झाली. प्रार्थनेची वही मीच उघडली. आजारी, परीक्षेला बसलेले, मग परगावी असलेले. त्यात तू लिहून दिलेलं नाव: अजिंक्य, नोकरीनिमित्त पुण्यात. दर रविवारी वाचते तसं वाचलं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. जी इथेच, जबलपुरातल्या गोरखपुरात मशीनवर बसून लोकांचे ब्लाउज शिवते, जिला मी आत्ताच दारातून घालवलं, तिला सांभाळ म्हणून आम्ही देवाला पुण्याचा पत्ता देऊन राहिलो. माझा आवाजसुद्धा कापला नाही.

तू तिचे कपडे पायरीवर ठेवलेस, त्या दिवशी मी समोरच माझ्या घराच्या खिडकीतून बघत होते. दार उघडलं नाही मी. मग तुझ्यावर कोणत्या तोंडाने चिडू?

सोमवारी बसने गोरखपूरला गेले. माफी मागितली. तिने चहा केला, मला पोटभर रडू दिलं. मी विचारलं, इतक्या वर्षांनी काहून आली होतीस ग? म्हणाली, "उद्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना. सबके साथ प्रार्थना करावी वाटली."

ऑपरेशनचं तिला कोणी कळवलं, ते वहिनींना विचार. सहा वर्षं त्यांचे ब्लाउज कोण शिवून राहिलं, तेही विचार. हे लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

उद्या ती येणार आहे. उजवीकडे, माझ्या शेजारी बसेल. पाळकसाहेबांना सांगून ठेवलं. ते म्हणाले, चलो, दारात मी उभा राहतो. परगावच्या यादीतलं ते नाव मी आत्ताच खोडलं. आजाऱ्यांच्या यादीत तुझं नाव आहे. ते मी वाचणार नाही, ती वाचेल. "माझे बाबा" असंच म्हणेल, आणि मंडळीला काय समजायचं ते समजेल.

तू संतापशील. कमिटी सोडतो म्हणशील. म्हण. हे पत्र पोचेल तोवर रविवार होऊन गेलेला असेल, आणि ते मी मुद्दाम केलं आहे. फोन केला असता तर तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. जन्मभर तेच तर केलं. आता नाही.

परत आलास की डावीकडची तुझी जागा तुझीच आहे. आमच्या बाकावरून ती दिसते.

मेघनाची आत्या,
विनीता