डंकनकाकांचा पाचवारी किल्ट

१५ मार्च २००५, मंगळवार
होम फिजिओथेरपीचा नवीन पेशंट. डंकन, वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या खुब्याचं ऑपरेशन. बायको पेगी. मॉरिसव्हिलपासून लांब, रस्ता संपतो तिथे घर. पहिल्या व्हिजिटला सगळ्यांना विचारते तेच विचारलं, बरं झाल्यावर काय करायचंय? लोक सांगतात, एकट्याने बाथरूमला जायचंय, ड्राइव्ह करायचंय. हे म्हणाले, "मे महिन्यात नातीचं लग्न आहे. ग्रेट किल्ट नेसायचाय. कुणी नेसवायचा नाही, मी नेसणार."
मला वाटलं, स्कॉटिश पुरुष घालतात तसा स्कर्टसारखा असेल, खुर्चीत बसून चढवू. मग पेगीने कपाटातून काढला. पाच वार लोकरी कापड, हिरवं-निळं, चौकड्यांचं. ना शिवण ना बटण. सोबत एक रुंद चामडी पट्टा. बास.

१७ मार्च
पद्धत कळली. जमिनीवर पट्टा पसरायचा, त्यावर कापड. मधल्या भागाच्या निऱ्या घालायच्या, दोन्ही टोकं सपाट सोडायची. मग त्यावर उताणं झोपायचं, टोकं पोटावर घ्यायची, पट्टा आवळायचा, उठायचं. वरचं कापड मग खांद्यावर घेऊन पिन करायचं.
वाकू नका, वळू नका, जमिनीवर बसू नका, हे मी परवाच बजावून आले होते. सगळं एका कपड्यात!
"जमिनीवर जायचं नाही," म्हटलं.
"यू आर द बॉस," म्हणाले. चेहरा अगदी साधा. फार साधा.

२० मार्च, रवि.
घरी प्रयोग. कार्पेटवर चादर, मंदारचा बेल्ट, वर मंदार. सवयीने निऱ्या पुढे आल्या. आपल्या साडी-धोतराच्या पुढे, यांच्या मागे. परत घातल्या. उठला तर चादर खालीच! पुढच्या वेळी बेल्ट आवळला तर "श्वास लागतोय यार, सोड." नवऱ्याला इतकी हसले नव्हते कित्येक दिवसांत.
नंतर सांगलीला फोन. अण्णा जानेवारीत न्हाणीत पडले, त्यांचंही खुब्याचंच ऑपरेशन. घरात वॉकरने फिरतात, बाहेर पाऊल नाही. आई म्हणाली, "धोतर नेसता येत नाही ना. पायजम्यात चौकात जाणार नाही म्हणतात. दादा नेसवतो म्हणाला तर त्याच्यावरच ओरडले."
माझे व्हिसाचे पेपर अडकलेत. आत्ता गेले तर परत अमेरिकेत येता येईलच असं नाही, वकील म्हणतो. इथे रोज परक्या म्हाताऱ्यांना चालायला शिकवायचं आणि…

३० मार्च, बुध.
आज डंकनकाकांकडे गेले.
बेल वाजवली, उत्तर नाही. पेगीची गाडी नव्हती. खिडकीतून बघितलं तर काका हॉलमध्ये जमिनीवर, उताणे. दार उघडंच होतं. पळत गेले, सेलफोनवर नऊ-एक-एक दाबत.
"हळू," खालून आवाज आला. "निऱ्यांवर पाय देशील."
पडले नव्हते. पेगी दुकानात गेलेली बघून सोफ्याला धरून स्वतः खाली गेले, किल्ट बांधला आणि मग उठता येईना. पाय तपासला. लांबी सारखी, वळलेला नाही, दुखत नाही. सांधा जागेवर. मीही बसले कार्पेटवर. मग चक्क मराठीत रागावले. "अहो, काही झालं असतं म्हणजे?" भाषा कळली नाही, राग कळला. "सॉरी," म्हणाले. पहिल्यांदा.
पेगी आल्यावर दोघींनी मिळून, गुडघ्यांत उशी, चांगल्या कुशीवर, मग खुर्ची, असं करत उठवलं. किल्ट तसूभरही सरकला नव्हता. ते मात्र मानलं.

७ एप्रिल
पलंगावर पसरून बघितला. निऱ्या गादीत रुततात, सरकून उठेपर्यंत सगळ्या विस्कटतात. रद्द.
पेगी म्हणाली, हल्ली बरेच जण आतून छोटे फासे, म्हणजे लूप, शिवतात, त्यातून नाडी. नाडी ओढली की निऱ्या आपोआप पडतात. मी म्हटलं, वा! काका म्हणाले, "ती फसवणूक आहे. त्या कापडाला सुई लागणार नाही." विषय बंद, टीव्ही चालू.

१२ एप्रिल
सुई लागली. काका झोपलेले असताना पेगीने शिवून टाकले फासे. कालपासून बोलत नाहीयेत तिच्याशी. व्यायामही नाही केला. पेगी मला दारापर्यंत सोडायला आली. "त्याला परत जमिनीवर बघायचं नाही मला," म्हणाली. डोळे भरले होते. मी नुसता हात धरला.

१९ एप्रिल, मंगळ.
जमलं!! मी गेले तेव्हा किल्ट बेडरूमच्या दारामागे हुकांना टांगलेला. काकांनी स्वतःच पेगीला टांगायला सांगितला म्हणे. दाराला पाठ टेकली, वॉकर पुढे. नाडी पोटावर बांधली. कापड हुकांवरून सोडवलं, टोकं एकावर एक घेतली, वरून पट्टा. आधी फार खाली बांधला, बरोब्बर ऑपरेशनच्या व्रणावर. कमरेच्या हाडाच्या वर घ्या म्हटलं. घेतला. बकल लावताना दोनदा सुटलं, मी हात पुढे केला तर "नो." तिसऱ्यांदा लागलं.
आरशात बघून म्हणाले, "निऱ्या वाकड्यात." पेगी म्हणाली, "तूही आहेस." मग हसले दोघं.

२४ एप्रिल, रवि.
अण्णांशी बोलले. तब्येतीचं विचारलं की हं, हं. मग म्हटलं सांगून बघू, आणि किल्टची सगळी गोष्ट सांगितली. जमिनीवर पडलेले काका, नाडी, सगळं.
"आणि बायकोने न विचारता शिवलं?" अण्णांनी विचारलं.
"हो. हे बोलेनात तिच्याशी."
फोनवर हसले! जानेवारीपासून पहिल्यांदा. धोतराचं मी काही काढलं नाही. मागून आईचा आवाज आला, "काय गं, काय म्हणालीस त्यांना?"

१४ मे, शनि.
लग्नाला गेलो. काका काठी घेऊन नातीबरोबर चालत आले. सगळे नवरीकडे बघत होते, मी पट्ट्याकडे. खांद्यावर पिन, मागे जड निऱ्या, प्रत्येक पावलाला झुलत होत्या. टिकला. मंदार म्हणाला, "आता घे श्वास."
बसले नाहीत पूर्ण वेळ. नंतर कळलं, बसल्यावर मागचं विस्कटेल म्हणून. पाय सुजला असणार. सोमवारी बोलणारच आहे. आज नाही.

२२ मे, रवि.
सकाळी सांगलीला फोन. आई आधी कुजबुजली, "धोतराला नाडी लावून मागितली काल. मी काही बोलले नाही, लावून दिली." आज दुपारी अण्णा ते नेसून फाटकापर्यंत गेले. शेजारच्या काकूंशी दोन शब्द बोलले आणि ऊन आहे म्हणून परत फिरले. दादा म्हणतो ऊन नव्हतं तेवढं.
मग अण्णा फोनवर आले.
"काय अण्णा, चौक?"
"उन्हं कलू देत. बघतो," म्हणाले.