शिकरणाची वाटी

रावेर, ४ मार्च २०२५

चि. भूमिका हिस अ. उ. आ.

आत्याचं पत्र पाहून हसशील. पण फोनवर बोलायची सोय नाही, भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ कमलबाई कान लावून असते. तिच्याबद्दलच लिहायचंय.

परवा तिने शिकरणाची वाटी आणून दिली. खाल्ली, आणि थोड्या वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. तेच शिकरण सगळ्यांनी खाल्लं, मग मलाच का? जन्म केळीच्या बागेत गेला, कधी काही झालं नाही. पाणी कुठेतरी मुरतंय. यंदा शेडवर केळी धुऊन पेटीत भरायला मी बसते, तर चिकाने हात काळे होतील म्हणून रबरी हातमोजेही तिनेच आणून दिले. तेव्हापासून हातांना खाज. बघ, केवढी माया!

पुढच्या आठवड्यात जळगावला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन, आणि सोबतीला तीच येणार म्हणते. मला भीती वाटते गं. तूच ये. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विष तपासतात का, तेही कळव.

लोभ आता तुझाच उरलाय.
लताआत्या

धुळे, ८ मार्च

ती. लताआत्यास सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. विष नाही गं, ॲलर्जी असावी. संशय घ्यायचाच तर हातमोज्यांवर घे!

आपल्या रक्तात आय-जी-ई नावाची प्रतिपिंडं असतात. तुझ्या शरीराने ती रबरातल्या प्रथिनाविरुद्ध तयार केली असणार. प्रत्येक प्रतिपिंडाचं बूड त्वचेतल्या, घशातल्या मास्ट नावाच्या पेशींवरच्या ग्राहीत, म्हणजे खोबणीत, इतकं घट्ट बसतं की आठवडेच्या आठवडे सुटत नाही. दोन हात मात्र मोकळे. नुसतं बसून राहिलं तर त्रास नाही. पण ते प्रथिन आलं आणि शेजारच्या दोन प्रतिपिंडांनी त्याला एकदम धरलं, की ग्राही जवळ ओढले जातात आणि पेशी हिस्टामिन नावाचं रसायन ओतते. त्याने सूज, गांधी. केळ्यातलं एक प्रथिन रबरातल्यासारखंच दिसतं. चेहरा मिळतो म्हणून बिचारं केळं पकडलं गेलं.

आता नीट वाच. डॉक्टरांचे हातमोजेही रबराचे असू शकतात. ते पोटाच्या आत लागले तर जिवावर बेतेल. आधी रक्त तपासून घे. माझी परीक्षा आहे, येता येत नाही. पत्राचा भरवसा नाही, म्हणून कमलकाकूंना फोन करून सांगितलंय, फक्त हातमोज्यांचं. तुझ्या संशयाबद्दल अवाक्षर नाही.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझी भूमिका

जळगाव, १६ मार्च

चि. भूमिका हिस अ. उ. आ.

ऑपरेशन झालं, सुखरूप आहे. खरं सांगू, तुझं पत्र वाचून वाटलं होतं की पोरीलाही हिने फितवलं. रक्तात रबराचीच ॲलर्जी निघाली, तेव्हा तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं.

ऑपरेशनच्या दिवशी कमलबाई थिएटरच्या दारातच उभी राहिली. डॉक्टरांना, नर्सला, झाडणाऱ्या बाईलासुद्धा एकच सांगत होती, की माह्या अक्काले रबर चालत नाही. नर्सने वेगळे हातमोजे आणून दाखवले तेव्हा कुठे बाजूला झाली.

आज मऊ भात द्यायला सांगितला होता. तिने वाटीत कालवला. मला भरवण्याआधी माझ्यासमोर एक चमचा स्वतः खाल्ला, थोडी थांबली, चमचा धुतला आणि मग माझ्यापुढे धरला.

तू सांगितलं नव्हतंस, ठाऊक आहे. माझा संशय तिला आधीपासूनच कळला होता, भूमिका, आणि तरी ती सोबत आली. फार लाज वाटली. तरी सगळा भात संपवला.

कळावे. तुझा लोभ आहेच. तिचा कोणत्या तोंडाने मागू, ते कळव.
लताआत्या